अर्ध्या शेपटीचा उंदीर

पिंजरा डोळ्यांच्या पातळीला धरून, चष्मा कपाळावर सरकवून काकी आधी आतल्या जिवाला विचारीत, "कोण रे तू?" मग उजेडाकडे वळून त्याची शेपटी, कान, नाकाचा आकार असे एकेक निरखून पाहत आणि निकाल दिल्यासारखे सांगत, "घरातलाच आहे. माळ्यावरचा. सर, याला रानशेतच्या पुढे सोडा." मी "हो काकी" म्हणत असे. आणि मी तो रानशेतच्या पुढे सोडीत नसे.

ही गोष्ट मी पुष्कळ काळ कोणाला सांगितली नाही. तिला गुन्हा म्हणावे तर तो फारच किरकोळ होता. उंदीर इथे सोडला काय नि तिथे सोडला काय, असे म्हणून कोणीही ती हसण्यावारी नेली असती. मीही स्वतःशी तसेच म्हणत आलो. परंतु तिच्यामुळे एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, आणि मी त्या दोघींच्याही घरचा चहा पीत मधोमध गप्प राहिलो. काकींचे शब्दचित्र काढायला बसलो, की आधी हे सांगून टाकावे लागते. त्याशिवाय हात पुढे चालत नाही.

नरपडला काकींची चिकूची वाडी होती. वाडीच्या कडेला त्यांचे कौलारू घर आणि घरामागच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू. तलासरीच्या एका शाळेत मी गणित शिकवीत असे, अजूनही शिकवतो. मुलीच्या शिक्षणासाठी घरची मंडळी नाशिकला होती, त्यामुळे मी एकटाच. काकींचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले, एकुलती मुलगी वलसाडला दिलेली. वाडीची सगळी व्यवस्था त्या एकहाती पाहत. उंच, काटक, खणखणीत आवाजाच्या. माहेर उंबरगावकडचे असल्याने राग आला की गुजरातीत शिरत, आणि राग गेला की "जवा दो ने", म्हणजे जाऊ द्या, असे म्हणून परत मराठीत येत.

त्यांची माझी खरी ओळख एका चिचुंद्रीमुळे झाली. राहायला येऊन मला आठवडाही झाला नसेल. संध्याकाळी भिंतीच्या कडेने काहीतरी चुकचुकत पळाले. मी केरसुणी उचलली. खिडकीबाहेरून आवाज आला, "थांबा! आधी कोण आहे ते बघा!"

मी थांबलो. तो आवाज ऐकून कोणीही थांबला असता.

"तोंड बघितलंत का तिचं? सोंडेसारखं. डोळे बघितलेत? मोहरीएवढे. ही उंदीर नव्हेच. हिचं गोत वेगळं. तुमच्या मोरीतली झुरळं हीच खाते. फुकट राहते, पण काम करते. तुमच्यासारखी नाही."

"मी भाडं देतो, काकी."

"म्हणूनच म्हटलं, तुमच्यासारखी नाही."

त्यानंतर मी त्या घरात केरसुणीने फक्त केरच काढला.

काकींच्या लेखी घराभोवतीचे हे सगळे लहानमोठे कुरतडणारे जीव म्हणजे एक वस्तीच होती, आणि त्या वस्तीत कोण कुठे राहतो हे ठाऊक असणे ही घरमालकीण म्हणून आपली जबाबदारी आहे, असे त्या मानीत. न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ मातीचा ताजा ढीग दिसला, की "घुशीने पुन्हा खणायला काढलंय" म्हणून त्या विटांचे तुकडे नि काचा घेऊन निघत. माळ्यावर धावण्याचा आवाज आला, की घरातला लांब शेपटीचा उंदीर. तो दोरीवरून, वायरीवरून, माडावरूनही चालतो, म्हणून त्यांच्या प्रत्येक माडाला कमरेच्या वर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकलेला होता. उंदराचे पाय त्यावरून घसरत. तांदळाच्या डब्यामागे बारीक काळ्या कणांसारख्या लेंड्या दिसल्या, की ती छोटी उंदरी. तिला बोटाएवढी फट पुरते. ती फट शोधून त्या तारेचा चोथा कोंबून वर सिमेंट लावीत. आंब्याच्या बेचक्यात पानांचा गोळा करून राहणारा एक तांबूस, चिमुकला, अंगापेक्षा लांब शेपटीचा उंदीर होता. त्याला मात्र कोणी हात लावायचा नाही. "तो घरात येत नाही, मग आपण त्याच्या घरात का जायचं?" चिकू खाणाऱ्या खारींवर त्या ओरडत, परंतु ते ओरडणे नातवंडांवर ओरडल्यासारखे असे.

त्या नेहमीच बरोबर असत असे नाही. एकदा पिंजऱ्यात सापडलेल्या एका दांडग्या उंदराला त्यांनी घुशीचे पोर ठरवले. मी म्हटले, शेपटी लांब दिसते आहे. "तुम्ही तुमची गणितं बघा," म्हणाल्या. इतक्यात हिसका बसून पिंजऱ्याचे दार उघडले, आणि ते घुशीचे पोर भिंतीवरच्या वायरीवरून सरसर चढून कौलांत दिसेनासे झाले. घूस अशी चढत नाही, हे मला त्यांनीच शिकवले होते. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग कौलांना उद्देशून म्हणाल्या, "मला सरांपुढे खोटं पाडलंस ना? बघते तुला."

पिंजरा लावायची त्यांची पद्धतही ठरलेली. उंदराला माणसाचे बोलणे कळते, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. त्यामुळे त्या दिवशी घरात 'पिंजरा' हा शब्द उच्चारायचा नाही. "सर, आज ती वस्तू लावायची आहे," एवढेच. चिंचणीहून आणलेला सुका बोंबील त्या चुलीवर भाजून आकड्याला अडकवीत. बोंबील भाजला जात असताना मलाही भूक लागे, हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्या दोन जास्तीचे भाजू लागल्या. वस्तू रिकामी झाली, की उकळत्या पाण्याने धुऊन, हात साबणाने दोनदा स्वच्छ करून त्या ती उन्हात ठेवीत. पिंजरा उघड्या हाताने धरलेला त्यांना चालत नसे. त्यासाठी एक जुनी गोणी होती.

मी एकदा विचारले, "काकी, सगळे लोक औषध घालतात. तुम्हीच का नाही?"

"मारायला माझी हरकत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण मारलेला कोण होता, ते मेल्यावर कळतं. नवी नवरी होते तेव्हा मी एका बिळात उकळतं पाणी ओतलं होतं." मग म्हणाल्या, "काय बाहेर आलं ते नाही सांगणार." आणि त्यांनी ते कधीही सांगितले नाही.

उरला प्रश्न सोडण्याचा. इथे त्यांचा नियम सगळ्यांत कडक होता. "जवळपास सोडायचं नाही. जवळ सोडलं की ते दुसऱ्याच्या घरात जातं. मग आपण केलं काय? आपला त्रास शेजाऱ्याला दिला. त्याला काय सोडणं म्हणतात?" या बाबतीत त्यांना स्वतःचा अभिमान होता. गावात कोणी घरातला उंदीर पकडून समुद्राच्या बाजूला सुरूच्या बनात झटकून येत, कोणी रस्त्यापलीकडच्या वाडीत. काकी तसे करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पूर्वी दूधवाल्याकरवी त्या पिंजरा डहाणूच्या पूर्वेला, रानशेतच्या पुढच्या रानात पाठवीत. दूधवाल्याने ती वाट सोडली, आणि मी राहायला आलो.

"सर, तुम्ही तलासरीला हायवेने जाता ना? रानशेतवरून?"

मी हायवेने जात नसे. मी घोलवडवरून आतल्या रस्त्याने जात असे, कारण तो जवळचा. हे सांगायला एक वाक्य पुरले असते. परंतु माझा स्वभाव मला ठाऊक आहे. समोरच्या माणसाचा चेहरा अपेक्षेने उजळलेला असला, की 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून वेळेवर निघत नाही. तो संध्याकाळी, एकटा असताना निघतो. लोक याला नम्रपणा म्हणतात. हा नम्रपणा नव्हे, भित्रेपणाच आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

"हो, हायवेनेच जातो," मी म्हणालो.

पहिल्या वेळी मी खरोखरच रानशेतला गेलो. मोटारसायकलच्या मागे पिंजरा, त्यावर गोणी, आणि पाठीशी सतत खरखर. रानशेत ओलांडून एका वळणावर मी थांबलो. दिवाळीनंतरचे दिवस होते, भातकापणी चालू होती. मी गोणी काढतो न काढतो तोच बांधावरून एका बाईने हाक मारली, "काय सोडताय तिथं?"

मला खोटे पटकन सुचत नाही. "उंदीर," मी म्हणालो.

तिने विळा खाली ठेवला. "उंदीर? नि आमच्या भातात?" मग मागे वळून बाकीच्या बायकांना म्हणाली, "बघा गो, या साहेबांच्या घरी उंदीर जास्ती झालेत, तर आपल्याला वाटायला आलेत!" सगळ्या जणी हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "आमी बिळं खणून उंदरांनी पळवलेली कणसं परत काढतो, नि हे आणखी आणून घालतात!" पहिली बाई हसता हसता थांबली आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, इथं पण घरं हायेत. उचला तो."

मी तो उचलला. पार पुढे, वस्ती संपून साग सुरू झाला तिथे, चढावर नेऊन सोडला. शाळेत पोहोचलो तेव्हा पहिला तास संपला होता. संध्याकाळी काकींनी विचारले, "नीट गेला ना?" मी म्हटले, "नीट गेला." बांधावरच्या बायकांची गोष्ट मात्र सांगितली नाही. सांगितली असती, तर काकी त्यावर विचार करीत बसल्या असत्या आणि काहीतरी चांगला मार्ग त्यांनी नक्की काढला असता.

पुढच्या वेळी शाळेत तपासणी होती, मला वेळेवर पोहोचायचे होते. काकींच्या फाटकातून बाहेर पडून वळण घेतले, की कुंपणापलीकडची वाडी लागे. तिच्या मागच्या अंगाला बांबूचे दाट बेट होते. तिथून ना काकींचे घर दिसे, ना दुसरे कोणते. मी गाडी थांबवली, दार उघडले. उंदीर बांबूत शिरला. सगळे इतक्या लवकर झाले, की गाडी बंदही करावी लागली नाही. एवढी मोठी वाडी, एका उंदराने काय होते, असे मी स्वतःला सांगितले. त्यानंतर दर वेळी मी तिथेच थांबू लागलो.

ती वाडी काकींच्या धाकट्या जावेची होती. त्यांना मी धाकट्या काकी म्हणे. काकींहून चारपाच वर्षांनी लहान, ठेंगण्या, जिभेला धार. चिकूच्या फोडी वाळवून, पाकिटे करून विकायचा उद्योग त्यांनी स्वतः उभा केला होता. मागच्या पडवीत जाळीच्या ताटांवर फोडी पसरलेल्या असत आणि गावातल्या तिघीचौघी चिरायला येत. दोन वाड्यांच्या मधल्या कुंपणात एक लाकडी फाटक होते. दुपारी तीनच्या सुमारास धाकट्या काकी त्यातून येत आणि काकींच्या ओटीवर चहा होई. शनिवारी माझी अर्धी शाळा असे, तेव्हा मीही त्यात असे.

"वहिनी, तुम्ही उंदरांना भाजलेले बोंबील घालता, नि मला सांगता फोडी झाक," धाकट्या काकी म्हणत.

"तुझ्या फोडी झाकल्या नाहीस तर ते माझ्याकडचं जेवून तुझ्याकडे गोड खायला येतील."

"येतील कसे? तुम्ही तर त्यांना गाडीवर बसवून रानशेतला पाठवता."

दोघी हसत. मीही हसत असे.

मग तो अर्ध्या शेपटीचा आला. त्याची शेपटी मध्येच तुटलेली होती, आणि तो काही केल्या वस्तूत शिरत नव्हता. बोंबील बाहेरच्या बाहेर ओढून नेई. काकींना त्याचे कौतुकच वाटू लागले. रोज दुपारी ओटीवर त्याच्या करामती सांगितल्या जात. शेवटी खोबऱ्याच्या तुकड्यापायी तो सापडला. काकींनी पिंजरा उंच धरून धाकट्या जावेला दाखवला. "बघ, हेच ते महाराज. डाव्या कानाला चीर पण आहे." धाकट्या काकींनी वाकून पाहिले. "वहिनी, तोंडावरून तरी सज्जन वाटतो," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाराजांना बांबूच्या बेटात सोडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शनिवारी दुपारी, धाकट्या काकी फाटकातून आल्या त्या चहाला नव्हे. वाळत घातलेल्या सगळ्या ताटांवरून उंदीर फिरले होते. माल टाकून द्यावा लागणार होता, सणाची मागणी हातची गेली होती. परंतु त्या आल्या होत्या दुसऱ्याच गोष्टीसाठी.

"वहिनी, तो अर्ध्या शेपटीचा माझ्या पडवीत आहे."

"कसं शक्य आहे? त्याला सरांनी रानशेतला सोडलाय."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितला. तुम्हीच दाखवला होतात."

"अर्ध्या शेपटीचे पन्नास असतील."

"फाटक्या कानाचे पण? या माझ्याबरोबर, तो अजून पोत्यामागे बसलाय. बघा कोण आहे ते." मग त्यांचा आवाज चढला. "खरं सांगा, तुम्ही माझ्याकडे सोडता का तुमचे उंदीर?"

काकींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांना कोणी चोर म्हटले असते तरी इतके लागले नसते. "मी? मी असं करीन?" त्या उठून उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "सरांना विचार. सर, तुम्हीच सांगा. कुठे सोडता?"

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. ओटीवर मी खुर्चीत होतो, हातात कप होता. तो क्षण पुढे मी पुष्कळ वेळा तपासून पाहिला आहे. माझ्यावर कोणीही बळजबरी केली नव्हती. खरे बोललो असतो तर दोघींनी मिळून मला फैलावर घेतले असते आणि तासाभरात चहा पुन्हा सुरू झाला असता. मी कपाकडे पाहत म्हणालो, "रानशेतच्या पुढे. नेहमी."

धाकट्या काकी वळल्या. परत जाताना त्यांनी फाटक लावून घेतले. संध्याकाळी त्याला तार गुंडाळलेली दिसली. कोणी गुंडाळली, ते मी विचारले नाही.

त्यानंतर मी दर वेळी खरोखरच रानशेतच्या पुढे, वस्ती संपल्यावर लागणाऱ्या त्या सागाच्या चढावर जाऊ लागलो. लांबचा रस्ता घेई, लवकर निघे. पण आता त्याचा उपयोग कोणाला होता?

दोघी एकाच गावात राहत, एकाच पाणवठ्यावर, एकाच देवळात जात. लग्नकार्यात एकीला पाहून दुसरी पंगत बदले. काकींच्या ओटीवर दुपारचा दुसरा कप मला मिळू लागला. त्या पूर्वीइतके बोलत नसत. पिंजऱ्यात कोणी सापडला, तरी "कोण रे तू?" हा प्रश्न उरकल्यासारखा येई. एकदा फोडींची पाकिटे आणायला मी धाकट्या काकींकडे गेलो, तेव्हा पाकिटे बांधता बांधता त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही त्या दिवशी सांगितलंत म्हणून मी पुढे वाढवलं नाही. तुम्ही खोटं बोलणार नाही. माझीच नजर चुकली असेल." मग हळूच म्हणाल्या, "पण मी खोटी ठरले ना हो वहिनींपुढे."

मी पाकिटे घेऊन घरी आलो. ती पाकिटे माझ्याच्याने उघडवली नाहीत.

गेल्या वर्षी काकींचे गुडघे अगदीच गेले. मुलीने हट्ट धरला, आणि त्यांनी वलसाडला जायचे ठरवले. घर मी सांभाळायचे, वाडी भाच्याने पाहायची, असे ठरले. जाण्याच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, त्यांनी मला बोलावून पिंजरा माझ्यापुढे ठेवला. घासून पुसून लख्ख केला होता.

"हा आता तुमचा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला भीती वाटते. लोक कुठेही सोडतात. तुमचं एक आहे, तुम्ही शब्द पाळता."

मी पिंजरा हातात घेतला नाही. "काकी, मी तो रानशेतला सोडला नव्हता," मी म्हणालो.

"कोण?"

"अर्ध्या शेपटीचा. आणि त्याच्या आधीचे. पहिला एक तेवढा सोडला होता तिकडे. बाकीचे धाकट्या काकींच्या वाडीमागे, बांबूत."

त्या ओटीच्या कडेवर बसल्या. मला वाटले, आता आवाज चढेल, गुजराती सुरू होईल. त्यातले काहीच झाले नाही. त्या म्हणाल्या, "ती मला बोलवत होती. या, बघा कोण आहे, म्हणत होती. दहा पावलांवर होता तो. मी उठले नाही." मग म्हणाल्या, "कान तर मीच तिला दाखवला होता. मला कळायला नको होतं? पण गेले असते आणि तोच निघाला असता तर? म्हणून नाही गेले."

"चूक माझी आहे, काकी. मी तुमची—"

"थांबा." आता मात्र आवाज पूर्वीचा होता. "मला काय सांगताय? मी कुठे खोटी ठरले? खोटी ती ठरली." त्यांनी काठी ओढली. "चपला कुठे आहेत माझ्या? चला."

"आत्ता?"

"नाही, दिवाळीनंतर! चला म्हटलं ना."

फाटकावरची तार गंजली होती. मी पक्कड आणून ती तोडली. काकी माझ्या खांद्यावर हात टेकून, एकेक पाऊल टाकत निघाल्या. त्या पलीकडे इतक्या काळाने जात होत्या, आणि मी त्यांचा आधार होतो, याची मला फार लाज वाटली.

धाकट्या काकी पडवीत खाली बसून चिकू चिरत होत्या, शेजारी तिघीजणी होत्या. कोपऱ्यात फोडी सुकवायचे नवे यंत्र घरघरत होते. आम्हाला पाहून सगळ्यांचे हात थांबले, फक्त धाकट्या काकींचा थांबला नाही. त्यांनी मान वर न करता म्हटले, "वहिनी, चपला बाहेर काढा. आत्ताच पुसलंय."

काकींनी चपला काढल्या. "अगं, किती बारीक चिरतेस? वाळल्यावर राहील काय?"

"बारीकच खपतं आता. तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही कुठे येता इकडे?"

"आले ना आता."

"बसा मग. खाली बसवणार नाही तुम्हाला. ए, ती खुर्ची दे गं यांना."

काकी खुर्चीत टेकल्या. मग काठी माझ्याकडे करून म्हणाल्या, "सरांना काही बोलायचंय तुझ्याशी."

मी बोललो ते पुढे येईलच. त्यानंतर जे झाले ते आधी सांगून टाकतो, कारण ते सगळे चांगले झाले, आणि त्याचे श्रेय माझ्याकडे येऊ नये असे मला वाटते. धाकट्या काकी मला पुष्कळ बोलल्या. ते बोलणे मला ऐकायलाच हवे होते. त्या बोलत होत्या तोवर काकी मान हलवून प्रत्येक वाक्याला दुजोरा देत होत्या. मग धाकट्या काकी त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही तेव्हा बघायला का नाही आलात?" काकी म्हणाल्या, "भ्याले गं." एवढ्यावर ते मिटले. त्या आठवड्यात रोज दुपारी चहा झाला, एक दिवस या ओटीवर, एक दिवस त्या पडवीत. वलसाडला नेणाऱ्या गाडीत काकींच्या पायाशी फोडींचा एवढा मोठा डबा होता, की त्यांना पाय पसरता येईनात.

आता त्यांचे घर बंद असते. मी मागच्या खोल्यांत आहे. कधी माळ्यावर धावपळ ऐकू येते, कधी न्हाणीघराजवळ ताज्या मातीचा ढीग दिसतो, आणि 'कोण रे तू' विचारायला कोणी नसते, म्हणून ते मीच पुटपुटतो. संध्याकाळी कुंपणापलीकडून धाकट्या काकींचा फोनवरचा आवाज येतो. "वहिनी, नाही, लेंड्या तांदळाएवढ्या नाहीत, मोठ्या आहेत... हो, टोकाला निमुळत्या... अहो, बघितलं नीट, चष्मा लावूनच बघितलं!" मग पलीकडून काहीतरी निकाल येतो, आणि दोघी हसतात. त्या हसण्याने मला किती हलके वाटते, ते सांगता यायचे नाही.

परंतु त्या दुपारी यातले काहीच ठाऊक नव्हते. मी पडवीच्या खांबाजवळ उभा होतो, जमिनीकडे पाहत. माझा आवाज मुळातच लहान. मी जे बोललो ते यंत्राच्या घरघरीत मलाही नीट ऐकू आले नाही.

"काय?" धाकट्या काकी म्हणाल्या. "मोठ्याने बोला, सर. या यंत्रापायी माझे कान गेलेत."

मी पुन्हा बोललो. त्यांनी कानामागे हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. चिरणाऱ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी यंत्र बंद करायला पुढे झालो, आणि थांबलो. मग लहान आवाजात बोलायची माझी सवय बाजूला ठेवून, वर्गात शेवटच्या बाकासाठीही कधी काढला नव्हता अशा आवाजात, धाकट्या काकींच्या डोळ्यांकडे पाहून मी म्हणालो, "तुमची नजर चुकली नव्हती. तो आमचाच उंदीर होता. तो मी तुमच्या वाडीमागे सोडला, आणि तुमच्या तोंडावर खोटं बोललो. खोट्या तुम्ही नव्हतात, मी होतो. माझं चुकलं, धाकट्या काकी. मला माफ करा."